दादूची उघाडी

दाजीने दोरी ओढून पाण्यातला ट्रे वर काढला, तिरपा करून पाणी गाळलं आणि उन्हाकडे धरला. ट्रेत कोळंबीच्या खाद्याचा एक दाणा शिल्लक नव्हता. जाळी तर इतकी लख्ख, की कुणी चिंच लावून घासली असावी.

“बघ रं!” शेजारच्या बांधावरून येणाऱ्या हरेशला तो ओरडला. “चार दिस झाले, ताट चाटून पुसून ठेवतायत. आज दीडपट टाकलं, तेवडंबी फस्त!”

हरेश म्हणजे लगतच्या तळ्याचा मालक. चाळिशीचा, पोट सुटलेला, एका कानात मोबाइलची वायर. त्याने ट्रेत डोकावून पाहिलं.

“आमच्याकडं अर्धं उरतं. तुमी खाद्यात घालता काय?”

“गोष्टी घालतो. रोज सकाळी एक सांगतो, मंग पोटभर जेवतात.”

“तरीच. तुमच्या थापा पचवायच्या मंजे भूक पायजेच.”

दोघं हसले. सत्तरी ओलांडलेल्या दाजीच्या थापा पनवेलच्या मासळीबाजारापर्यंत पोचलेल्या होत्या. मिठागरात रापलेल्या मगरीची त्याची गोष्ट कोळणी एकमेकींना गिऱ्हाईक नसलं की सांगत.

“दाजी, परवा पुनवेला सासरची मानसं येतायत,” हरेश म्हणाला. “माजा पाग फाटलाय, जाळ्याला हातभर भोक पडलंय. तुमचा द्या, माज्या तळ्यात दोन फेरे मारून आनून देतो.”

“घेऊन जा. दादूचा पाग हाय तो. नुसता हातात धरला तरी कोलंबी आपसूक चढते.”

“देताना एकटा पाग द्या मंजे झालं. तिच्यासकट नको.”

“तिच्या मंजे कोनाच्या?”

“जखिनीच्या, दाजी! तुमीच सोडली ना गावात?”

हरेश हसत आपल्या बांधाने निघून गेला. दाजीही हसला, पण हसता हसता त्याची नजर उगाच पश्चिमेला, शेवटच्या तळ्याकडे गेली. तिथे उघाडीवर दादू बसायचा. आता तिथे कुणी नव्हतं. कुणी नसूनही ती जागा रिकामी वाटत नव्हती, एवढंच.

जुन्या मिठागरांत खोदलेली ही चार तळी एका ओळीत होती. आधी दीनानाथचं, मग हरेशचं, मग दाजीचं, आणि अगदी खाडीच्या तोंडाशी दादूचं. चौघांना पाणी मिळे ते खाडीच्या एकाच फाट्यातून. बांधाच्या पोटात फळ्यांचं दार बसवलेलं, तीच उघाडी. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला फळ्या वर घ्यायच्या. जुनं पाणी ओहोटीबरोबर सोडायचं, नवं भरतीबरोबर घ्यायचं. एकाने सोडलेलं पाणी दुसऱ्याच्या घरी जायचंच. त्यावर कधी कुणी भांडलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला दाजीची नात, पूर्वी, स्कूटरवरून आली. सुकापूरच्या बिल्डिंगीत राहायची, खारघरच्या कॉलेजात जीवशास्त्रातलं काहीतरी मोठं शिकायची, आणि रविवारी आजाला डबा घेऊन यायची. दाजीने तिलाही रिकाम्या ट्रेचं कौतुक सांगितलं. तिने डबा खाली ठेवला तो उघडलाच नाही.

“किती दिवस असं खातायत?”

“चार. आज पाचवा.”

“त्याच्या आधी?”

“आधी आपलं बेताचं.”

ती चपला काढून पाण्याच्या कडेला गेली. कडेशी दोन-चार कोळंब्या सुस्त पोहत होत्या. भर उन्हात कोळंबी तळ सोडून कडेला येत नाही, हे दाजीला ठाऊक होतं. सकाळी त्याने त्या पाहिल्याही होत्या. तो ट्रे उचलायच्या घाईत होता.

पूर्वीने एक ओंजळीत धरली. नखाने तिच्या डोक्यावरचं कवच सोडवलं, ओढणीला पुसलं आणि आभाळासमोर धरलं. काचेसारख्या त्या कवचात रव्याएवढे पांढरे ठिपके होते.

“मीठ हाय ते,” दाजी म्हणाला.

तिने अंगठ्याने घासलं. ठिपके गेले नाहीत. पुन्हा घासलं, आणि कवच त्याच्या हातावर ठेवलं.

“आजा, व्हायरस आहे. माणसाला याचं काही होत नाही. पण यांच्यातलं आठवड्याभरात कुणी उरणार नाही.”

“येडी का खुळी तू? भूक बघ त्यांची!”

“तीच वाईट आहे.” ती बांधावर बसली. “व्हायरसला स्वतःचं तोंड नसतं, पोट नसतं, चूल नसते. तो पेशीत शिरतो आणि तिची चूल ताब्यात घेतो. एरवी पेशी साखर बेताने जाळते, मंद आचेवर. याला दम नसतो. हा भसाभस जाळायला लावतो आणि त्या आचेवर आपली पिल्लावळ रांधून घेतो. घरातलं सगळं सरपण संपतं, भिंती फुटतात, आणि एकाचे हजार होऊन बाहेर पडतात. तोवर बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय भूक लागलीये!”

दाजीने कवच बोटांत फिरवलं.

“लागीर,” तो म्हणाला. “चिरनेरकडं एका बाईला असंच लागलं व्हतं. सोळा भाकऱ्या खायची, वर टोपभर कालवन. आनि बाई वाळत चाललेली. खानारं दुसरंच कोन व्हतं.”

एरवी नात म्हणायची, आजा, सोळातल्या खऱ्या किती? आज ती म्हणाली, “हो. तसंच.”

कवच दाजीच्या बोटांत थांबलं. सत्तर वर्षांत त्याची गोष्ट कुणी जशीच्या तशी मान्य केली नव्हती.

“मंग ती पेशी गप बसून खाऊ देते?”

“नाही ना. वेळेत कळलं तर ती स्वतःलाच संपवते. आतल्या आत, नीट. सगळं कापायचं, पुड्या बांधायच्या, दार लावून घ्यायचं. शेजारणीपर्यंत जाऊ नये म्हणून. पण व्हायरसही हुशार असतो. तो आधी तिचा तोच हात धरतो. माझं काम होऊ दे, मग मर म्हणतो.”

डोक्यावरून एक विमान उतरणीला लागलं.

“आजच काढून घेतली तर?” दाजीने विचारलं. “खायला तर चालंल बोलतीस.”

“पाणी न सोडता काढता येईल?”

कोळंबी काढायची म्हणजे उघाडी उघडून पाणी फाट्यात सोडायचं आणि तोंडाशी जाळं लावायचं. दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. ही कोळंबी शिमग्याला निघायची होती आणि तिच्यावर पुढचं सबंध वर्ष जायचं होतं.

“ब्लीचिंग टाकावं लागेल,” पूर्वी हळूच म्हणाली. “उघाडी बंद. महिनाभर तरी एक थेंब बाहेर जाता कामा नये. परवा उधाण आहे ना? मी नमुना लॅबला देते, मत्स्य विभागाला कळवते, पण ते येईपर्यंत पुनव होऊन जाईल. पण आजा, हे आलं कुठून? तुझं कोळंबीचं बी तपासलेलं. खेकड्यांना जाळी आहे, बगळ्यांना दोऱ्या आहेत. बाहेरचं काही ओलं आत आलं का? बादली, जाळं?”

दाजीची नजर खोपटाच्या खुंटीवर गेली आणि लगेच परत आली.

“नाय,” तो म्हणाला.

जाताना पूर्वीने हरेशच्या बांधावर थांबून त्याला सगळं सांगितलं. हरेशने कानातली वायर काढून ऐकलं, हो हो म्हणाला आणि ती गेल्यावर वायर पुन्हा कानात घातली.

खुंटीवर दादूचा पाग होता.

दादू दाजीच्या वयाचा. दोघांनी एकाच मिठागरात पोरपणी मीठ ओढलेलं. तरुणपणी भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, पण उरलेल्या तीन बोटांनी तो पाग असा फेकायचा, की पाण्यावर ताटासारखा गोल उमटावा. मार्गशीर्षात त्याचं काहीतरी बिनसलं. दिवसभर उघाडीवर बसून राहायचा. बांधावर कुणी पाय ठेवला की काठी उगारायचा. चहाला बोलावलं तर लांबूनच नको म्हणायचा. त्याच्या तळ्यावर बगळेही उतरेनात.

मग दाजीला राहवेना. त्याने बाजारात सोडून दिलं, की दादूला तळ्यातल्या जखिणीने धरलंय. ती त्याची सगळी कोळंबी खाते आणि हा तिची राखण करतो. गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. दाजी मुद्दाम दादूला ती ऐकवायला गेला. दादू लांबून, उघाडीवर बसूनच, म्हणाला होता, “खरं हाय तुजं. पानी सोडलं तर तुमच्याकडं येल ती. जा घरी.” काय फर्मास उत्तर दिलं, म्हणून दाजी दिवसभर हसला होता.

पौषात भर दुपारी दादू उघाडीवरच कलंडला.

त्यांच्याकडे रीत होती. मेलेल्याचा पाग वाळवायचा नाही. तेराव्या दिवशी त्याच्या दोस्ताने तो ओलाच जित्या तळ्यात एकदा फेकायचा, म्हणजे मेलेल्याचा हात कामातून सुटतो. पण दादूचा पाग सापडेना. शेवटी त्याच्या बायकोला, सखूबाईला, तळ्याच्या कोपऱ्यातल्या चिखलात पुरलेला सापडला. तिने तो खणून काढला, मळक्या ओल्या फडक्यात बांधून आणून दिला. दाजीने तो आपल्या तळ्यात फेकला. डोळ्यांत पाणी आणून फेकला. पाग पुरण्यामागे कारण काय असेल, हे त्याच्या मनात आलं नाही. तोंडावर मात्र लगेच आलं होतं, जखिणीनेच पुरला.

भर बाराला दाजी शेवटच्या बांधाने चालू लागला. या वेळेला तिकडे कुणी फिरकत नसे. ती त्याच्याच गोष्टीची करामत.

दादूचं तळं तळापर्यंत दिसत होतं. इतकं नितळ पाणी दाजीने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात एक किडा हलत नव्हता, वर एक चतुर नव्हता. काठावर पांढरा थर वाळला होता. मिठागरातला माणूस पांढरं दिसलं की चाखून बघतो. दाजीने बोट टेकवून जिभेला लावलं आणि थुंकला. मीठ नव्हतं. कोपऱ्यात, पाग जिथून निघाला त्या खड्ड्यात, ब्लीचिंगच्या रिकाम्या गोण्यांचे काठ डोकावत होते.

तो उघाडीपाशी वाकला. फळ्यांमधली एकेक फट चिकण माती थापून बुजवलेली होती. वरपासून खालपर्यंत. माती कधीच वाळून दगड झाली होती, आणि तिच्यावर हाताचे ठसे होते. जिथे पाहावं तिथे तीन बोटं. तीन बोटं. तीन बोटं.

“काय बगता, भावजी? तुमची जखीन?”

दाजी दचकून मागे वळला. सखूबाई लाकडं वेचून मोळी बांधत होती. आपल्या नवऱ्याच्या तळ्यावर यायला तिला कसली भीती!

दाजीला तेरावा आठवला. तिने तीस पानं मांडली होती आणि जेवायला अकरा जण आले होते. बाकीच्यांना जखिणीच्या घरचं अन्न नको होतं.

“वैनी, बसा जरा,” तो म्हणाला.

आणि दाजीने तिला सगळं सांगितलं. रोग, खादाड कोळंबी, दादूने आपल्याच हातांनी मारलेलं तळं, मातीचे ठसे, पाग. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट कुठेही न फुगवता सांगितली, आणि तिला फार वेळ लागला नाही. दादू कुणाजवळ का बोलला नाही, एवढंच त्याला सांगता येईना. कदाचित बोलला असता तर लोक हसले असते. कदाचित सगळ्यांनी ऐकून पाणी सोडू नको म्हटलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी आपापलं सोडलं असतं.

सखूबाईने पदर तोंडाशी धरला.

“मंजे मी पाग खनून काडला, ते चुकलं.”

“तुमी दिला, फेकला मी.”

“हात सुटला का पन त्यांचा?”

दाजीने पायाजवळचं ढेकूळ फोडलं.

मग तीच बोलली. “तुमची जखीन आली ना गावात, त्या दिशी ते लय हसले. भाकरी खाता खाता ठसका लागला. मना बोलले, दाजीनं माजं काम हलकं केलं. आता या बांधावर कोन पाय ठेवनार नाय.” तिने मोळी डोक्यावर घेतली. “कंचं काम, ते मी इचारलं नाय. मना वाटलं, जाग्यावर नाय डोकं.”

दाजी उठून उभा राहिला. “मी गावात सांगतो, वैनी. देवळात सांगतो सगळ्यांसमोर. दादूला काय धरलं नव्हतं.”

“सांगा. शिमग्याला सांगा.” ती चालू लागली होती. “आता गोष्ट मोडू नका. पुनव होऊ दे.”

सोमवारी सकाळी दाजीने टेम्पोतून ब्लीचिंगच्या गोण्या आणल्या. तोंडाला पंचा बांधून एकट्याने तळ्यात टाकल्या. कोळंबीच्या तळ्याला एक आवाज असतो. हजारो शेपट्या पाण्याला आतून टिचक्या मारतात, तसा. त्या आवाजातच दाजी इतकी वर्षं जेवत आला होता. दुपार कलेपर्यंत तो विरळ झाला. मग एकेक टिचकी ऐकू येऊ लागली. मग पुढची येईल म्हणून दाजी थांबून राहिला, ती आलीच नाही.

पाग त्याने खोपटामागे जाळला. नायलॉन वितळून काळे थेंब पडले. मग खाडीकाठची चिकण माती आणली आणि उघाडीच्या फटींत थापायला बसला. फळ्या वरपासून खालपर्यंत लिंपल्यावर हात पुसता पुसता तो थांबला. इकडे तिकडे पाहिलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात घट्ट मुडपली आणि ओल्या मातीवर पंजा दाबला. थोडं सरकून दुसरा. तिसरा, चौथा आणि खाली, पाण्यालगत, पाचवा. म्हातारी बोटं मुडपून मुडपून दुखायला लागली, तेव्हा त्याने हात धुतले.

पुनवेच्या सकाळी दाजी काठी घेऊन उघाडीवर बसला होता, तेव्हा हरेश आला.

“पाग द्या, दाजी. आज उधान मोठं हाय, दुपारी मी पानी पन बदलतो.”

“पाग जाळला. हरेश, रोग आलाय. पूर्वी सांगून गेली ते खरं हाय. तुजी उघाडी उघडू नको, म्हैनाभर. दीनानाथलाबी सांग.”

“रोग?” हरेश हसला. “परवा तर ताटं चाटून पुसून खात व्हते!”

“तोच रोग.”

“दाजी, पाग द्यायचा नसंल तर तोंडावर सांगा. नवीन गोष्ट कशाला रचता? त्या पोरीला पुस्तकात व्हायरस दिसला की खाडीत दिसतो. आनि मी पानी नाय घेतलं तर उधानाचं सगळं तुमालाच की!”

“माज्या तळ्यात बग. हाय का काय जितं?”

पण हरेशने तळ्याकडे पाहिलं नाही. तो उघाडीच्या फळ्या उचललेल्या आहेत का ते बघायला बांधाच्या उतारावरून खाली उतरला, आणि तिथेच थबकला. दाजीला वरून त्याचा फक्त टाळू दिसत होता. हरेशने एक हात पुढे केला, मातीला न लावताच मागे घेतला.

“हे कोनी केलं?”

दाजीने तोंड उघडलं. जिभेवर गोष्ट तयार होती. पहाटेचं धुकं, पाण्यावर उमटलेला ताटासारखा गोल, ओल्या पावलांचा आवाज, सगळं. पण ती बाहेर आली नाही. तो नुसताच काठीवर हनुवटी टेकून बसला.

दाजी गप्प बसलाय, हे हरेशने कधी पाहिलं नव्हतं. त्याने एकदा वर बघितलं, एकदा मातीकडे. मग तो चढण चढून वर आला तो दाजीच्या अंगावरून नाही, बांधाचा दुसरा काठ धरून. पन्नास पावलं गेल्यावर तो थांबला.

“नाय उघडत मी!” तो लांबून ओरडला. “दीनानाथलापन सांगतो. पन दाजी, सहा हायत! मी मोजले. सहा पंजे हायत!”

हरेश गेला. फाट्यात भरतीचं पहिलं पाणी आलं. चिखलातले खेकडे बिळांत शिरले. पाणी उघाडीच्या खालच्या फळीला लागलं.

खाली उतरून मोजणं काही कठीण नव्हतं. दाजी उतरला नाही. मुडपलेली दोन बोटं अजून ठणकत होती, ती त्याने सरळ करून पाहिली. मग काठी जवळ ओढून घेतली, उघाडीच्या फळीवर जरा सरकून आपल्या उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा केली आणि पाणी चढताना बघत राहिला.